दुकानात पाय घसरून पडल्यास: जबाबदारी कोणाची आणि भरपाई कशी मागावी

पावसाळ्यातली संध्याकाळ असते. किराणा दुकानाच्या दारात पायपुसण्याच्या जागी गोणपाट टाकलेले असते, गिऱ्हाइकांच्या छत्र्यांचे पाणी गुळगुळीत फरशीवर ओघळत असते आणि त्या पाण्यावरून पाय सटकून साठीच्या एक बाई मनगटावर पडतात. त्यांना खुर्चीवर बसवून पाणी दिले जाते, कोणीतरी जपून चालण्याचा सल्ला देते आणि आपलेच लक्ष नव्हते असे म्हणत त्या रिक्षाने घरी जातात. रात्री मनगट सुजते, दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये हाड मोडल्याचे दिसते आणि आठ-दहा दिवसांनी मुलांच्या मनात येते की या खर्चाची जबाबदारी दुकानाची नाही का. तोपर्यंत फरशी कोरडी झालेली असते, गोणपाट उचललेले असते, कॅमेऱ्यातील चित्रण पुसले जाण्याच्या बेतात असते आणि ज्या दोघांनी बाईंना उठवले ते कोण होते, हे कोणालाच सांगता येत नाही.

भरपाईचे असे दावे फसतात ते बहुधा कायदा अपुरा असल्यामुळे नव्हे, तर पहिल्या काही दिवसांत जे करायला हवे ते न केल्यामुळे. म्हणून कोणत्या न्यायालयात जावे, याआधी काय सिद्ध करावे लागते ते समजून घेणे आवश्यक आहे.

पडणे पुरेसे नाही. धोका आणि त्याची जाणीव सिद्ध करावी लागते

दुकानात पडलो म्हणून दुकानदार आपोआप जबाबदार ठरत नाही. जागा ज्याच्या ताब्यात आहे, त्याने ग्राहकांना तेथे येण्याचे आमंत्रण दिलेले असते आणि म्हणून जागा सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी दक्षता घेणे हे त्याचे कर्तव्य ठरते. हे कर्तव्य त्याने पाळले नाही आणि त्यामुळेच इजा झाली, एवढे दाखवावे लागते. इंग्लंडमध्ये यासाठी १९५७ पासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही, त्यामुळे न्यायालये दिवाणी अपकृत्यांच्या, म्हणजे ज्यांसाठी भरपाई मागता येते अशा चुकीच्या कृत्यांच्या, सर्वसाधारण तत्त्वांवर निर्णय देतात. त्यातील मूळ तत्त्व १८६६ च्या ‘इंडरमॉर विरुद्ध डेम्स’ या इंग्रजी खटल्यापर्यंत मागे जाते. साखर कारखान्यात गॅसच्या कामासाठी आलेला कारागीर कठडा नसलेल्या उघड्या पोकळीतून खाली पडला आणि कामानिमित्त येणाऱ्या माणसाला ज्या धोक्याची कल्पना नसते, पण मालकाला असते किंवा असायला हवी, त्या धोक्यापासून त्याचे रक्षण करणे मालकाचे काम आहे, असे न्यायालयाने ठरवले.

‘असायला हवी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ‘पाणी सांडल्याचे मला माहीतच नव्हते’ या उत्तरावर दुकानदार सुटत नाही. नजर टाकली असती तर ते त्याच्या लक्षात आले असते का, हा खरा प्रश्न असतो. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभगवंती या खटल्यात हे तत्त्व आणखी पुढे नेले. चांदनी चौकातील सुमारे ८० वर्षे जुना घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मृत्युमुखी पडली होती आणि ज्या चुन्यात तो बांधला होता त्याचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांचेच असल्याचे पुराव्यात आले होते. दोष वरवर दिसत नव्हता, हा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. रस्त्यालगतची वास्तू सांभाळणाऱ्याने तिची वेळोवेळी तपासणी करायलाच हवी आणि अशी वास्तू कोसळते तेव्हा ती घटनाच निष्काळजीपणाबद्दल बोलते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. दुकानाच्या जिन्याचा कठडा हातात निखळून येतो किंवा पायरीची लादी पायाखाली सुटते, तेव्हा या निर्णयाचा आधार घेता येतो.

ओल्या फरशीचे प्रकरण मात्र वेगळे असते, कारण पाणी दोन मिनिटांपूर्वीही सांडलेले असू शकते. या मुद्द्यावर इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा १९७६ चा ‘वॉर्ड विरुद्ध टेस्को’ हा निर्णय वाचण्यासारखा आहे. किराणा मालाच्या मोठ्या दुकानात जमिनीवर सांडलेल्या दह्यावरून ग्राहक बाई घसरून पडल्या. दही केव्हा सांडले, हे त्यांना सांगता येणे शक्यच नव्हते. दुकानातर्फे सांगण्यात आले की दिवसातून पाच-सहा वेळा झाडलोट होते आणि सांडलेले दिसताच पुसण्याची सूचना नोकरांना दिलेली आहे. त्याच बाईंनी सुमारे तीन आठवड्यांनी त्याच दुकानात सांडलेला संत्र्याचा रस पाहिला होता आणि पाव तास कोणी त्याकडे फिरकले नव्हते. बहुमताने न्यायालयाने ठरवले की अशा गोष्टी जमिनीवर पडून राहू नयेत हे दुकानाच्या हाती आहे, म्हणून योग्य व्यवस्था असूनही अपघात टळला नसता, हे दुकानानेच दाखवावे. हा निर्णय भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण युक्तिवादात तो मांडता येतो आणि त्यातील रसाची नोंद प्रत्येक तक्रारदाराने लक्षात ठेवावी. धोका एकदाच घडलेला नसून तेथे नेहमीच तसे चालते, याचा पुरावा प्रकरणाचे पारडे फिरवू शकतो.

दुकानदारांसाठीही याच निर्णयातून व्यवहार्य शिकवण निघते. फरशी कोणी, किती वाजता पाहिली आणि पुसली याची वेळेसह नोंदवही ठेवावी. पावसाळ्यात दारापाशी पाणी शोषणारे, न सरकणारे पायपुसणे टाकावे (गोणपाट स्वतःच पायाखाली सरकते). छत्र्यांसाठी बाहेर बादली ठेवावी. गुळगुळीत ग्रॅनाइटच्या पायरीवर खरखरीत पट्ट्या लावाव्यात. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार निवासी नसलेल्या इमारतीत पायरीची रुंदी किमान ३०० मिलिमीटर आणि उंची कमाल १५० मिलिमीटर असावी लागते, तर चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचे प्रमाण १ ला १२ धरले जाते. जुन्या बाजारपेठांतील कित्येक गाळ्यांच्या पायऱ्या या मापात बसत नाहीत. इमारत जुनी आहे म्हणून प्रत्येक पायरी तोडावी लागेल असे नाही, परंतु उंच-सखल पायरीला रंगीत कडा, पुरेसा उजेड आणि हाताला धरायला कठडा देणे कोणत्याही दुकानदाराच्या आवाक्यात असते. हे न केल्यास न्यायालयात सांगण्यासारखे काही उरत नाही.

नोटीस कोणाच्या नावाने काढावी

ही पायरी चुकली तर महिने वाया जातात. दुकानाच्या आतील फरशी, मांडणी आणि सांडलेले पाणी यांची जबाबदारी प्रत्यक्ष दुकान चालवणाऱ्याची, म्हणजे बहुधा भाडेकरूची असते. जिना, छत, गळके पाइप यांसारख्या इमारतीच्या दोषांसाठी गाळामालकही येतो, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ नुसार जागा चांगल्या स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. गृहनिर्माण सोसायटीच्या तळमजल्यावर दुकान असेल आणि पडणे सामाईक ओट्यावर किंवा मार्गिकेत झाले असेल, तर सोसायटीलाही सामील करावे. मॉलमध्ये दुकानाच्या उंबऱ्याच्या आत दुकान आणि बाहेर मॉल चालवणारी कंपनी, अशी विभागणी साधारणपणे असते. सफाई ठेकेदाराकडे सोपवली आहे, असे उत्तर येईल. अशा वेळी ठेकेदारालाही सामील करून दोघांनी आपापसांत ठरवावे असे म्हणणे सोयीचे. सरकत्या जिन्यावरील अपघातासाठी महाराष्ट्रात २०१७ चा उद्वाहन (लिफ्ट), सरकते जिने व सरकते मार्ग यांचा कायदा आहे आणि अशा जिन्याच्या परवान्याबाबत विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात चौकशी करता येते.

दुकानासमोरचा पदपथ सहसा महापालिकेचा असतो. तेथील तुटलेल्या लादीसाठी दुकानदाराला धरता येत नाही. पण दुकानदाराने पदपथावर आपल्या हौसेने चकचकीत फरशी बसवली असेल, पायरी पुढे काढली असेल किंवा दुकान धुतलेले साबणाचे पाणी तेथे सोडले असेल, तर तो धोका त्याने निर्माण केला आहे आणि त्याची जबाबदारी त्याच्यावरच येते. महापालिकेविरुद्ध जायचे असल्यास मुदतीबाबत फार सावध राहावे: मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ५२७ मध्ये दाव्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा, अशा अटी आहेत.

पहिला तास आणि पहिला आठवडा

पडलेल्या माणसाने घाईने उठू नये. खुब्याचे किंवा मणक्याचे हाड मोडले असल्यास ओढून उठवल्याने इजा वाढते. सोबतच्या व्यक्तीने त्याच वेळी मोबाइलवर फरशीची छायाचित्रे काढावीत. एक लांबून, जागा ओळखू येईल असे. एक जवळून, पाणी, तेल, शेवाळ किंवा तुटकी कडा दिसेल असे. आणि एक आजूबाजूचे, ज्यात इशाऱ्याचा फलक होता की नव्हता ते दिसेल. पाण्यात उमटलेले पायांचे ठसे किंवा ट्रॉलीच्या चाकांचे ओरखडे टिपले तर ते पाणी बराच वेळ तेथे होते, हे सांगता येते. वाळत आलेल्या कडा, मळलेले पाणी, टपकणाऱ्या एसीखाली ठेवलेली बादली या सगळ्यांचा अर्थ एकच होतो: धोका आताचा नाही. पायात जी चप्पल होती ती न धुता, न वापरता बाजूला ठेवावी, कारण तिचे तळ झिजले होते असा आरोप पुढे हमखास होतो.

दुकानाच्या व्यवस्थापकाला घटना लेखी नोंदवायला सांगावे आणि त्या नोंदीचे छायाचित्र घ्यावे. नोंदवही नाही असे सांगितले तर कोऱ्या कागदावर तारीख, वेळ, जागा आणि काय झाले हे चार ओळींत लिहून त्यावर दुकानाचा शिक्का व सही मागावी. तीही नाकारली तर तोच मजकूर लगेच दुकानाच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवावा. ज्यांनी पाहिले त्यांची नावे आणि फोन क्रमांक घ्यावेत. नोकराने सहज म्हटलेले ‘सकाळपासून गळतंय’ हे वाक्य, ते कोणी म्हटले यासह, त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावे. खरेदीचे बिल फेकू नये. त्या छोट्या कागदावर दुकान, तारीख आणि वेळ असते आणि आपण ग्राहक असल्याचा तो पहिला पुरावा असतो.

रुग्णालयात डॉक्टरांना कसे पडलो ते नीट सांगावे. केसपेपरवर नुसते ‘पडल्याने इजा’ असे लिहिले असेल तर दुकानाचा संबंध पुढे जोडणे अवघड जाते. ‘दुकानातील ओल्या फरशीवर घसरून’ असे लिहिले असेल तर अपघातानंतर काही तासांत झालेली ती नोंद पुढे कामी येते. हाड मोडले असल्यास वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी, करण्याची विनंती करावी. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत हाड मोडणे ही गंभीर दुखापत आहे आणि निष्काळजी कृत्याने ती झाल्यास कलम १२५ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. साध्या घसरण्यासाठी पोलीस ठाण्यात जावेच असे माझे मत नाही, कारण फौजदारी कारवाईने औषधपाण्याचा खर्च आपोआप मिळत नाही. पण उघड्या तळघरात माणूस पडला, कठडा तुटून पडला, अशा ठिकाणी पोलिसांचा पंचनामा मोलाचा ठरतो.

कॅमेऱ्याच्या चित्रणासाठी दोन-तीन दिवसही थांबू नये. बहुतेक दुकानांची यंत्रणा ठरावीक दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे भरते. म्हणून पहिली नोटीस भरपाईची नसावी, चित्रण जपून ठेवण्याची असावी. ‘अमुक तारखेला अमुक वेळेपूर्वीचे दोन तास आणि नंतरचा एक तास, अमुक भागातील सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण जतन करावे, ते नष्ट झाल्यास त्याचा प्रतिकूल अर्थ काढावा असे आम्ही न्यायालयात मागू’ एवढा मजकूर पुरतो. आधीचे दोन तास मागणे विसरू नये, कारण पाणी केव्हा सांडले हे त्यातच असते. चित्रण हाती आले तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसारचे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडावे लागते, हे वकिलांना वेळीच विचारावे.

भरपाईची नोटीस आणि येणारी उत्तरे

उपचारांचे स्वरूप स्पष्ट झाल्यावर सविस्तर नोटीस स्पीड पोस्टाने, पोच घेऊन पाठवावी. तिच्यात घटना, धोक्याचे वर्णन, तो दुकानदाराला का कळायला हवा होता, झालेली इजा, खर्चाचा तक्ता आणि मागणीची रक्कम असावी, आणि उत्तरासाठी १५ दिवस द्यावेत. दुकानाची विमा पॉलिसी असल्यास विमा कंपनीला कळवण्याची विनंतीही करावी. मोठ्या दुकानांच्या पॉलिसीत त्रयस्थांच्या इजेचे संरक्षण अनेकदा असते आणि मालक नकार देत असतानाही विमा कंपनी बोलणी करू शकते. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा येथे लागू होतो असे काही जण सांगतात. तो घातक पदार्थांमुळे होणाऱ्या अपघातांसाठी आहे, त्याच्या नादी लागू नये.

उत्तरे साधारण ठरलेली असतात. फलक लावला होता, असे म्हटले जाईल. पण फलक धोक्याच्या आधी, दिसेल अशा ठिकाणी होता का आणि तेथून जाण्यास दुसरी वाट होती का, हे विचारावे. एकमेव दारात पाणी असेल तर फलकाने ग्राहकाला पर्याय मिळत नाही. ‘दुर्घटनेस व्यवस्थापन जबाबदार नाही’ अशी पाटी भिंतीवर असेल तर तिने घाबरून जाऊ नये. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलच्या ताब्यातील गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात, निष्काळजीपणा असल्यास ‘(गाडी)मालकाच्या जोखमीवर’ अशा छापील अटीमागे हॉटेलला लपता येणार नाही, असे म्हटले आहे. ते प्रकरण वस्तू ताब्यात देण्याचे होते, तरी विचाराची दिशा उपयोगी आहे. तुम्ही मोबाइल बघत चालत होता, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावा. तो खरा ठरला तर दावा पूर्ण बुडत नाही, पण तुमच्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होते. म्हणून नोटिशीत खोटे किंवा वाढवलेले एक वाक्यही असू नये.

ग्राहक आयोग की दिवाणी न्यायालय

बिल हातात असेल तर जिल्हा ग्राहक आयोग हा बहुतेकांसाठी सोपा मार्ग आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला असून सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत निष्काळजीपणाही येतो. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. उशिराला सबळ कारण असल्यास विलंबमाफी मागता येते. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही आणि आयोगाचे अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर वस्तू किंवा सेवेसाठी दिलेल्या रकमेवर ठरते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. म्हणजे ४०० रुपयांच्या किराणा खरेदीत मोडलेल्या खुब्यासाठी आठ लाखांची भरपाई मागतानाही जिल्हा आयोगातच, विनाशुल्क जाता येते. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती हे संकेतस्थळ आहे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी सल्ला घेता येतो.

काहीच विकत घेतले नसेल, आत शिरतानाच पडणे झाले असेल, तर ‘तुम्ही ग्राहकच नव्हता’ असा आक्षेप येऊ शकतो. तेथे दिवाणी दावा अधिक भक्कम, कारण त्यात खरेदीची अट नाही. दुकानात येण्याचे आमंत्रण पुरेसे असते. अशा वैयक्तिक इजेच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. कोर्ट फी आणि वेळ दोन्ही जास्त लागतात, हे गृहीत धरून चालावे. पडल्यामुळे मृत्यू झाला असेल तर जोडीदार, आईवडील आणि मुलांच्या वतीने १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्यानुसार दोन वर्षांत दावा करता येतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो; तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

रक्कम ठरवताना रुग्णालयाची बिले जोडून थांबू नये. फिजिओथेरपी, रिक्षाभाडे, सांभाळायला ठेवलेल्या बाईंचा पगार, बुडालेली मजुरी, पुढे लागणारी शस्त्रक्रिया, वेदना आणि कायमचे आलेले अपंगत्व हे सगळे स्वतंत्रपणे मांडावे. सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे की अवयवाचे अपंगत्व किती टक्के हे पाहून भागत नाही, त्याने त्या माणसाची कमावण्याची क्षमता किती घटली हे पाहावे लागते. शिवणकाम करणाऱ्या बाईचे मनगट आणि शिक्षकाचे मनगट यांचे नुकसान सारखे नसते. गृहिणीचे काम शून्य धरण्याची चूक तर कधीच करू नये. लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने घरकामाचे मोल महिन्याला ३,००० रुपये धरले होते आणि त्यानंतरच्या निर्णयांत गृहिणीच्या श्रमाला मोल देण्याचे तत्त्व अधिक ठाम झाले आहे.

नोटीस पोहोचल्यावर अनेकदा दुकानदार स्वतःहून रुग्णालयाचे बिल भरायला तयार होतो. ती रक्कम घ्यायला हरकत नाही, परंतु पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द नाहीत याची खात्री करावी. तसे शब्द असतील तर ते खोडून ‘उपचारखर्चापोटी अंशतः, उर्वरित मागणीचा हक्क राखून’ असे स्वतःच्या हाताने लिहावे आणि मगच सही करून पावतीचे छायाचित्र काढून ठेवावे.